कानांना सुट्टी

घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च बंद केला, खुर्ची मागं सरकवली आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, काढून टाकू, घाबरायचं कारण नाही. अति बोलण्यानं होते अशी. शिक्षकांना होते, फेरीवाल्यांना होते, लिलाव पुकारणाऱ्यांना होते.

ऑपरेटरबाईंना वाटलं, टेबलावरच्या कागदांची अदलाबदल झाली असणार.

"कुणाला झालीय?" त्यांनी विचारलं.

"ह्यांना. तुमच्या मिस्टरांना."

"आणि कशानं म्हणालात?"

"बोलण्यानं. भरपूर बोलतात ना?"

बाईंनी शेजारी बघितलं. नवरा हाताची घडी घालून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे टक लावून बसला होता, जणू डॉक्टर त्या कानाबद्दलच बोलत होते. लग्नाला पस्तिसाच्या वर वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत ह्या माणसानं घरात जेवढे शब्द उच्चारले असतील, तेवढे तर बाई नोकरीत असताना एका पाळीत 'होल्ड करा' म्हणण्यात संपवायच्या.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "ह्या माणसाला चहा हवा असला तर तो ओट्यावर कप वाजवून दाखवतो. मीठ कमी पडलं तर स्वतः उठून बरणी आणतो. मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस आहे हा. परत एकदा बघा."

डॉक्टरांनी परत बघितलं नाही. ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं की नंतर दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

"ते पथ्य हे जन्मभर पाळतायत," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आवाज परत येईल ना?"

"बहुतेक येईल. किती येईल ते जखम भरल्यावर कळेल. कधी कधी नाहीही येत."

बाईंना त्या दिवशी तरी ह्या उत्तराचं फारसं काही वाटलं नाही. जो आवाज कधी वापरातच नव्हता त्याचं काय एवढं, असं त्यांच्या मनात आलं.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून अख्ख्या शहराचं बोलणं ह्या टोकाचं त्या टोकाला जोडायचं. रडणारे, भांडणारे, चुकीचा नंबर मागून वर शिव्या देणारे, सगळे त्यांच्या कानातून जायचे. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ऑपरेटरबाई हे नाव चिकटलं ते चिकटलं. नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. पेन्सिलीला टोक काढावं आणि मान खाली घालावी, त्या कामाला तोंड लागतच नाही. म्हणून बाईंनी कधीचंच ठरवून टाकलं होतं की माणूस मुळातच अबोल आहे. अबोल माणसाशी फार बोललं की त्याला त्रास होतो, म्हणून मग बाईही कमीच बोलायच्या. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घरात फक्त भांड्यांचा आवाज उरला.

चार वर्षांपूर्वी दोघं ह्या वसाहतीत राहायला आले. निवृत्त माणसांसाठीच बांधलेली वसाहत. तीन इमारती, मधे बाग, बागेच्या टोकाला क्लबघर. आणि क्लब किती, तर विचारू नका. कॅरमचा, पत्त्यांचा, विणकामाचा, पक्षी बघणाऱ्यांचा, शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा, आणि नवे क्लब काढावेत की काढू नयेत ह्याची चर्चा करणाऱ्यांचासुद्धा एक. नवरा रोज संध्याकाळी निळा स्वेटर चढवून तिकडे जायचा आणि दिवे लागले की परत यायचा. बाई कधी गेल्या नाहीत. एक तर माणसांचा कंटाळा आला होता, आणि दुसरं म्हणजे वसाहतीतली माणसं त्यांना भारी शिष्ट वाटायची. जिन्यात चार जण खिदळत उभे असले आणि बाई आल्या, की सगळ्यांचे आवाज एकदम खाली. मान हलवायची, बाजूला व्हायचं, वाट द्यायची. जणू मोठ्या साहेबीणबाई चालल्यात. बाई मनात म्हणायच्या, राहिलं, तुमचा शिष्टपणा तुमच्यापाशी.

ऑपरेशन होऊन नवरा घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी टीसी दारात उभा राहिला. टीसी म्हणजे रेल्वेत तिकिटं तपासण्यात हयात घालवलेला, आता सगळ्या क्लबांचा मिळून एक सेक्रेटरी. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. आधी त्यानं पलंगावरच्या नवऱ्याला नखशिखान्त बघितलं, मग बाईंकडे वळून अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, खुर्च्यांचं काय करायचं?"

"कुठल्या खुर्च्या?"

"ह्यांच्या. तीन आहेत."

मग त्यानं कुजबुजतच नियम सांगितला. क्लबघर लहान, माणसं फार. प्रत्येक क्लबात खुर्च्या ठरलेल्या आणि बाहेर ताटकळणारे डझनभर. त्यामुळे आठवडाभर खुर्ची रिकामी दिसली की ती पुढच्याला जाते. मात्र आजारी माणसाच्या घरचं कुणी येऊन बसलं तर ती त्याचीच राहते. बसायचं फक्त. खुर्ची गरम ठेवायची.

"मी बसू?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही का कुजबुजताय? घसा ह्यांचा गेलाय."

टीसीनं चटकन नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं बाईंकडे बघितलं. आणि बाईंच्या लक्षात आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. ह्या माणसाला काहीतरी हवंय, आणि इतकं हवंय, हे त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तीन लाकडी खुर्च्यांसाठी रडतोय म्हणजे काय म्हणावं. बाई चिडल्या, पण हो म्हणाल्या.

पहिली खुर्ची कॅरमची. बाई जाऊन बसल्या तेव्हा खोलीत सुतकी शांतता. चार म्हातारे एखाद्या चौकशीला बोलावल्यासारखे सोंगट्या मारत होते. टिच, टिच, एवढाच आवाज. शेवटी एकानं स्ट्रायकर खाली ठेवला आणि सुस्कारा सोडून म्हणाला, "रेडिओ नाही तर काही राम नाही."

"लावा की मग रेडिओ," बाई म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. दाराशी उभा असलेला टीसी खाकरला. "वहिनी, रेडिओ म्हणजे तुमचेच हे."

बाईंना हसूच आलं. दुसरं कुणी असेल म्हणाल्या. टीसी म्हणाला, टक्कल, गालावर तीळ आणि निळा स्वेटर ह्या वसाहतीत एकालाच आहे. मग चौघं हळूहळू बोलायला लागले. हे खेळायचे कमी आणि बोलायचे जास्त. कुणी सोंगटी मारली की ह्यांचं समालोचन सुरू, मैदानावर चाललेल्या सामन्याचं करतात तसं. जुन्या साहेबाची नक्कल अशी करायचे की शेजारच्या खोलीतून विणकामवाल्या बायका सुया टाकून बघायला यायच्या. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की क्लबघराचा पहारेकरी किल्ल्या वाजवेपर्यंत थांबायचा नाही.

बाई उठून घरी आल्या. नवरा खिडकीशी बसला होता. त्यानं भुवया उंचावून विचारलं, कसं झालं. "बरं झालं," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन डबे घासले.

ऐकावं ते नवलच म्हणतात, पण बाईंना नवलापेक्षा संताप जास्त आला होता. रडायला घरी, चहाचा कप आपटायला घरी, आजारपण काढायला घरी, आणि हसायला खिदळायला टीसी. हे कुठलं वाटप?

दुसरी खुर्ची पक्ष्यांच्या क्लबातली, आणि ती नावालाच खुर्ची; सकाळी बागेत फिरायचं असायचं. क्लबाच्या प्रमुख एक निवृत्त दातांच्या डॉक्टर होत्या, गळ्यात दुर्बीण, पायात बूट, बोलणं सरळ. बाई त्यांच्यासोबत झाडाखाली उभ्या राहिल्या. वर फांदीवर हिरवट रंगाचा कुठलातरी पक्षी येऊन बसला. कुणी हूं की चूं केलं नाही.

"बघताय ना," दातांच्या डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "चार वर्षं तुमच्या मिस्टरांच्या बडबडीपायी आम्हाला कावळ्याशिवाय काही दिसलं नाही. मी किती चिडायचे त्यांच्यावर. आता रोज नवा पक्षी दिसतोय आणि एकालाही बघायचा उत्साह नाही."

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे माझ्याशी कुजबुजून का बोलता? मी काय आजारी आहे?"

डॉक्टरबाईंनी दुर्बीण खाली केली. "म्हणजे काय? त्यांनीच सांगितलंय ना सगळ्यांना. राहायला आलात त्याच आठवड्यात. म्हणाले, माझ्या बायकोनं जन्मभर अख्ख्या शहराचं ऐकलंय. तिच्या कानांना मी सुट्टी दिलीय, घरात आवाज काढत नाही. तुम्हीही ती दिसली की जरा हळू बोला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी? कुणी मागितली होती सुट्टी?

आणि मग, त्या झाडाखालीच, त्यांना आठवलं. मागितली होती. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. वादळानं शहरातल्या निम्म्या लाइनी पडल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांवर सगळं शहर एकदम ओरडत होतं. पाळी संपवून घरी आल्या तर नवरा दारातच सुरू झाला, ऑफिसातला काहीतरी किस्सा, हातवारे करत, स्वतःच हसत. म्हणजे बोलायचा की तेव्हा. चांगला बोलायचा. "जरा माझ्या कानांना सुट्टी द्या हो," असं म्हणून बाई आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी नवरा काही बोलला नाही, बाईंना वाटलं रुसला. तिसऱ्या दिवशी वाटलं दमला असेल. पुढं पुढं काही वाटायचंच बंद झालं. सुट्टीवरून परत आल्याचं कळवावं लागतं हे बाईंना माहीत नव्हतं, आणि सुट्टी संपली का हे कधी विचारून बघावं, एवढं त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

घरी येऊन बाईंनी दार लावलं आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "नऊ. निरोपाच्या समारंभाला तुम्ही स्वतः आला होतात. पहिल्या रांगेत बसून लाडू... नाही, ते राहू दे. घरी आल्यावर तुम्हाला वाटलं नाही, की आता हिचे कान मोकळे झाले, आता बोलावं?"

नवऱ्याचा हात शेजारच्या पाटीकडे गेला. दवाखान्यातून आणलेली लहान मुलांची पाटी होती, काही हवं-नको ते लिहायला. बाईंनी ती उचलून कपाटावर ठेवली.

"लिहू नका. लिहिलेलं नकोय मला. मला वाटत होतं तुम्हाला बोलणं आवडत नाही, म्हणून मी तोंड शिवून बसले. केवढं काय काय सांगायचं राहिलं माझं. एक्स्चेंजमधल्या भांडणांत मी कुणाला काय सुनावलं, ते सांगायला मी घरापर्यंत धावत यायची आणि तुमचं तोंड बघून गिळायची. लग्न माझ्याशी केलंत आणि बोललात टीसीशी. अहो, टीसीशी? त्या माणसाला स्वतःचा चष्मा कुठाय ते सांगता येत नाही."

नवरा ऐकत होता. दुसरं करणार काय, डॉक्टरांनी तोंड बंद केलेलं. ह्याचाही बाईंना राग आला. भांडावं तर समोरच्यानं उत्तर द्यावं. एकट्यानं भांडायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारत बसायचं. तरी त्या चांगल्या तासभर बोलल्या. शेवटी घसा त्यांचाच बसला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा बाईंनी सगळं तिला सांगितलं.

"आई, बाबा माझ्याशी दर आठवड्याला बोलतात की. बागेतल्या बाकावरून फोन करतात. तास तास."

"मग मला कधी बोललीस नाहीस ते?"

"मला वाटलं तुला माहितीये. तू झोपलेली असतेस म्हणायचे ते."

"मी झोपलेली असते?"

"हो. दमलेली असते, म्हणायचे. आवाज नको म्हणायचे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे फक्त टीसी नाही. पोटच्या पोरीनंही ऐकलं होतं. दातांच्या डॉक्टरनं ऐकलं, विणकामवाल्यांनी ऐकलं, पहारेकऱ्यानं ऐकलं. आणि त्या क्षणी बाईंना घशाच्या डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं, कधी कधी नाहीही येत. आता त्याचा अर्थ निराळा होता. नाही आला आवाज, तर अख्ख्या वसाहतीत ह्या माणसाचं बोलणं न ऐकलेली बायको तेवढी उरणार होती. बाईंना भीती वाटली, आणि भीती वाटली की त्यांना नेहमी राग येतो, तसा तोही आला.

तिसरी खुर्ची किश्श्यांच्या बैठकीतली. गोल करून बसायचं, एकानं जुनी आठवण सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. बाई बसल्या तशा सगळे उदार झाले. बिचारीला माहीतच नाही, तर आपण सांगू. एक जण म्हणाला, "रेडिओनं तो साहेबाच्या टोपीचा किस्सा सांगितला होता ना..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, फार मजेदार आहे. साहेब जिन्यावरून..."

"थांबा म्हणते ना." बाईंनी सरळ दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला उसनं ऐकायचं नाही. ज्याचं आहे त्यानं सांगितलं तर ऐकेन. नाही तर राहिलं."

बैठक तिथंच मोडली. टीसी नंतर म्हणत फिरला की वहिनींचे कान फारच नाजूक आहेत, रेडिओ सांगत होता ते खरं आहे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

उरलेले दिवस बाईंनी घरात बोलून काढले. आधी रागानं, मग सवयीनं. भाजी निवडताना बोलायच्या, कपडे वाळत घालताना गॅलरीतून आत बघून बोलायच्या. नवरा मागोमाग फिरायचा. हसायचा तेव्हा आवाज न करता हसायचा, खांदे तेवढे हलायचे. बाई त्याला दटावायच्या, हसू नका, घशाला ताण पडेल. आणि मधेच थांबून त्याच्या गळ्याकडे बघायच्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा टॉर्च मारला. जखम भरलीय म्हणाले. "आकडे म्हणा. एकपासून."

नवऱ्यानं बाईंकडे बघितलं. परवानगीच मागत होता जणू. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? म्हणा."

"एक," नवरा म्हणाला. "दोन. तीन."

घोगरा, खरखरीत, मधेच फाटणारा आवाज होता. आयुष्यात हजारो आवाज नुसत्या 'हॅलो'वरून ओळखलेल्या बाईंना हा ओळखता आला नाही. आधी कसा होता तेच आठवत नव्हतं, तर आता बदलला की तोच आहे, हे कळणार कसं. त्यांना तिथंच रडू आलं आणि त्यांनी ते शिंकेवर ढकललं.

डॉक्टर मात्र खूश नव्हते. आवाज आलाय पण दोरा कच्चा आहे म्हणाले. रेशन लावावं लागेल. दिवसातून एकदाच बोलायचं, आणि एक कप चहा पिऊन होईपर्यंतच. कप रिकामा, तोंड बंद. जास्त ताणलंत तर आहे तेही जाईल.

"किती दिवस असं?" बाईंनी विचारलं.

"काही महिने तरी. कदाचित कायमचंच. बघू."

टॅक्सीतून येताना नवरा बाहेर बघत होता आणि बाई विचार करत होत्या. एक कप. अख्ख्या दिवसाचा एक कप. कुठं संपवणार हा तो? विचारावं असं दहादा ओठांवर आलं. पण मागून घेतलेलं बोलणं काय कामाचं. एकदा मागून बघितलं होतं त्यांनी, ती सुट्टी अजून चालू होती.

वसाहतीच्या फाटकात टीसी, दातांच्या डॉक्टर आणि कॅरमवाले उभेच होते. बाईंनी रेशनचं सांगितलं. कुणाला वाईट वाटेल म्हणावं, तर टीसीचा चेहरा उजळला. "कप केवढा, ते सांगितलंय का डॉक्टरांनी?"

"नाही."

"मग झालं तर," टीसी म्हणाला.

संध्याकाळी किश्श्यांच्या बैठकीला तो बाजारातून चहाचा एक मोठा मग घेऊन आला. मग कसला, बादलीच. दोन्ही हातांनी धरावा लागेल असा. त्यात काठोकाठ चहा. खुर्च्या संपल्या म्हणून माणसं खिडकीत बसली होती. नवरा त्याच्या खुर्चीवर, आणि बाई दाराशी उभ्या, कारण आता खुर्ची गरम ठेवायची गरज उरली नव्हती. इथं तर इथं, दारातून तर दारातून, ऐकायला तरी मिळेल, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. समजावलेलं मन काही ऐकत नव्हतं.

नवऱ्यानं मग उचलला. सगळे पुढं वाकले. त्यानं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. टीसी म्हणाला, "हां, घ्या, आधी घसा शेकून घ्या." तिसरा, चौथा. नवरा शांतपणे पीत राहिला. चहा निम्म्यावर आला तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, अहो, संपत आला. नवऱ्यानं मान डोलवली आणि पीत राहिला. तळाचा घोट घेऊन त्यानं रिकामा मग जमिनीवर ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि सगळ्यांकडे बघून ओशाळं हसला.

एक अक्षर बोलला नाही.

आणि मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाईंकडे.

"वहिनी," टीसी म्हणाला, चार वर्षांत पहिल्यांदाच खड्या आवाजात, "आता तरी सोडा हो त्यांना. किती धाकात ठेवाल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या तशाच वळल्या आणि तडातडा बाग ओलांडून घरी आल्या. नवरा मागून धापा टाकत आला.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या. "मी आता कैदाशीण ठरले सगळ्यांत. तुम्हाला नव्हतंच बोलायचं तर गेलात कशाला? एवढी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत बसली, एवढा चहा प्यालात, आजचा वाटा फुकट घालवलात. कुणाचंच भलं नाही केलंत. ना त्यांचं, ना..."

पुढचं त्यांनी गिळलं. नवरा स्वयंपाकघरात गेला. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. जरा वेळानं तो दोन साधे कप घेऊन बाहेर आला, एक बाईंसमोर ठेवला, एक स्वतःसमोर, आणि समोरासमोर बसला.

"अगं," तो म्हणाला.

बाई हलल्या नाहीत.

"ऐक ना. मोरीतला नळ. दोन आठवडे बघतोय मी. रात्रंदिवस ठिपकतोय." आवाज फाटत होता, तो घोट घ्यायचा आणि परत सुरू व्हायचा. "त्या प्लंबरनं वॉशर उलटा बसवलाय. तू त्याला परत बोलावलंस, ते कळलं मला. तो आला की परत तसाच बसवेल. त्याला सांगायचं, की आधी वरचं पाणी बंद कर, आणि मग..."

"नळ?" बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी घरात तोंड उघडलंत आणि नळ? तिथं साहेबाच्या टोप्या आणि नकला, आणि माझ्यासमोर आल्यावर तुम्हाला मोरी आठवली?"

नवऱ्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "टोपीचं तिथं कुणालाही सांगता येतं. नळाचं कुणाला सांगणार?"

बाईंनी कप उचलला आणि तोंडासमोर धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला. मग नाक ओढून म्हणाल्या, "वॉशर उलटा नाहीये. नळच गेलाय. मी बघितलाय."

"नळ नाही गेला."

"गेलाय. आटे झिजलेत."

"आटे कुठले झिजलेत, मी स्वतः हात लावून बघितलं. हे बघ, वॉशरला एक बाजू असते. ती बाजू जर..."

त्यानं कप तोंडाला लावला, आणि खाली ठेवला. रिकामा होता. तो थांबला.

"ती बाजू जर काय?" बाई म्हणाल्या. "अहो, अर्धवट काय सोडताय? काय होतं त्या बाजूनं?"

नवऱ्यानं कपाकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटले. बाईंचा जीव नुसता तडफडला. कपाटावरची पाटी समोर दिसत होती. त्यांनी ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात प्लंबर, खांद्याला पिशवी, हातात पाना. आत नवरा टेबलाशी बसून चहाची वाट बघत होता.

"आज नको," बाई म्हणाल्या.

"का हो? ठिपकायचा थांबला?"

"नाही, ठिपकतोय," बाई म्हणाल्या. "आमचं त्याच्यावर बोलणं चाललंय अजून." आणि त्यांनी दार लावून घेतलं.